गादीवरचं प्लास्टिक

ही गोष्ट सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. टाळायला कष्टही पडले नाहीत. गादीची गोष्ट कोण विचारतं? जिला विचारायचा हक्क होता, ती माझी बायको, आता नाही. आणि ती होती तेव्हा तिनं विचारूच नये, अशी सोय मीच करून ठेवली होती.

या उन्हाळ्यात अकोल्याहून मुलीचा फोन आला. तिचीही आता पन्नाशी आली.

"बाबा, झोपच नाही लागून राहिली. पाठ अशी तापते, जशी तव्यावर ठेवली. एसी लावला तं यांचे गुडघे आखडतात. बंद केला तं मी उठून बसते."

"गादी बदलून पाहा," मी म्हणालो.

ती हसली. "गादी काय करन त्याले? आईचा वहम माह्यात आला, दुसरं काय!"

'आईचा वहम', म्हणजे नसलेलं दुखणं मनात घेणं, हा आमच्या घरचा शब्द आहे. नातेवाइकांतही चालतो. कुणाला विनाकारण उकडायला लागलं, कुणाचं डोकं उगाच चढलं, की म्हणतात, आईचा वहम. हा शब्द मी आणला. तो खोटा आहे. खोटा आहे हे कळल्यावरही मी तो मोडला नाही. माझ्या लेकीनं तो आता स्वतःला लावून घेतला, म्हणून लिहायला बसलो आहे.

बायको अकोल्याची. माहेरी कापसाची शेती, त्यामुळे घरात गाद्या घरच्या रुईच्या. फाल्गुन संपला की पिंजारी यायचा. गाद्या उसवायच्या, रुई उन्हात पसरायची, पिंजून पुन्हा भरायची आणि नव्यानं टाके घालायचे. ती सांगायची, पिंजलेल्या गादीवर पहिल्या दिवशी झोपायला भावंडांत मारामारी व्हायची. तिची प्रकृती मुळातच उष्ण. थंडीतही तिचा एक पाय पांघरुणाबाहेर असायचा. उन्हाळ्यात गच्चीवर सतरंजी टाकायची, पाण्याचा हबका मारायचा आणि झोपायचं, हा तिचा नेम होता. मी काडीपैलवान. मला उन्हाळ्यातही पहाटे चादर लागायची.

मी वरूडकडचा, संत्र्याच्या घरातला. नोकरीसाठी अमरावतीत आलो आणि तिथेच राहिलो. निवृत्त व्हायच्या थोडं आधी घर बांधलं. घर नवं, म्हणून पलंग नवा, आणि पलंग नवा म्हणून गादी नवी. मेहुण्यानं अकोल्याहून निरोप पाठवला होता, की घरची रुई पिंजून दोन गाद्या भरून देतो, ताईला दुसरी गादी चालत नाही. मी म्हटलं, नको. नव्या घरात रुईची गादी? तिच्यात गोळे होतात, ती दरवर्षी उसवा, तिच्यासाठी माणूस शोधा. खरं कारण वेगळं होतं. माझ्यासोबत नोकरीला असलेल्या एकानं जाड फोमची गादी घेतली होती, आणि त्याच्या घरी तिच्यावर बसलो तेव्हा मी आत रुतलो होतो. ते रुतणं मला श्रीमंतीचं वाटलं.

गादी घरी आली त्या दिवशी बायको अकोल्यालाच होती. गादी आणणारा माणूस टेम्पोतून ती उतरवून पलंगावर टाकताना म्हणाला, "काका, हे प्लास्टिक काढून टाका बरं."

मी म्हणालो, "राहू दे. चांगली राहते."

आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं म्हणजे वस्तू जुनी करायची. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये होता. स्कूटरच्या सीटचं प्लास्टिक फाटून आपोआप गळून पडलं, तेव्हाच गेलं. सोफ्याचं काढलं ते मुलीच्या लग्नात, तेही फोटो चांगले यावे म्हणून. अमरावतीची धूळ, नातवंडं येणार, कुणी चहा सांडणार. त्यातून दुकानदार म्हणाला होता, डाग पडला तर गॅरंटी जाते. मी प्लास्टिक तसंच ठेवलं. ते दिसायला बरं दिसत नव्हतं, म्हणून शिंप्याकडून जाड कापडाची खोळ शिवून आणली, वरून चढवली आणि तिचं तोंड पक्कं शिवून टाकलं.

बायको आली. गादीवर बसून पाहिलं, हात दाबला. "आत काय वाजून राह्यलं?"

"नवी हाय. स्प्रिंगा असतीन," मी म्हणालो. गादीत स्प्रिंगा नव्हत्या. एवढ्याशा गोष्टीसाठी मी खोटं का बोललो, याचा मी नंतर खूप विचार केला. प्लास्टिक आहे म्हटलं असतं तर तिनं त्याच मिनिटाला कात्री आणली असती. तिला वस्तू वापरायला आवडत, मला राखायला.

पहिलाच उन्हाळा लागला आणि तिची झोप गेली. ती उठून बसायची. पाठीमागे हात नेऊन ब्लाउज चाचपायची. ओला असायचा. कुलर चालू असायचा. पण कुलरची खिडकी माझ्या बाजूला. वारा आधी मला लागायचा, आणि माझ्यापलीकडे भिंतीशी ती.

"अवो, ही गादी तापते."

"गादी काय चूल हाय तापाले?"

"तुमी इकडं झोपून पाहा बरं एक दिवस."

"मले तिकडं सर्दी होते." भिंतीकडे सर्दी कशी होणार, हे तिनं विचारलं नाही. मीही विचारात घेतलं नाही.

मग ती खाली फरशीवर झोपायला लागली. पहाटे तिची कंबर धरायची. दिवसा डुलक्या यायच्या, आणि दुपारी पाहुणा आला की ती डोळे चोळत बाहेर यायची. लोक काय समजायचे ते समजायचे. तिचं वय तेव्हा तसं होतं, की बायकांना आतूनही आग उठते. ती आग आणि ही आग एकत्र झाली असणार. मी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तिला विचारलं आणि उत्तर मी दिलं. "घरात सारं आहे हो. हिला नव्या गादीवर झोप येत नाही, एवढंच. मनात घेतलंय." डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती सकाळभर पेंगायची. थोड्या दिवसांनी तिनं त्या बंद केल्या.

मेहुणा आला. बहिणीला फरशीवर झोपलेलं पाहून त्याचा चेहरा उतरला. "भाऊजी, मी म्हटलं होतं, रुईच्या भरून देतो."

तिथे चार माणसं होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुमच्या बहिणीले भारी गादी सोसत नाई, राजे हो. अकोल्याच्या चटईची सवय! वहम हाय दुसरं काय?"

सगळे हसले. तीही हसली. मेहुणा हसला नाही. त्यानंतर ही गंमत मी लग्नकार्यांत, बारशांत, जिथे जागा मिळेल तिथे सांगितली. सांगून सांगून तिला चांगला आकार आला. शेवटी मी आवाज काढून दाखवायचो, "अवो, तापते!" आणि लोक हसून लोळायचे.

एकदा मे महिन्यात ती भावाकडे गेली होती. दुपारी कुलरचा पंप जळाला. खिडकीतून उन्हाच्या झळा येत होत्या, म्हणून मी पलंगावर सरकत सरकत भिंतीकडे तिच्या जागेवर गेलो आणि तिथेच डोळा लागला. जाग आली ती घामानं. बनियान पाठीला चिकटली होती. गादीवर हात ठेवला तर गादी गरम. आपल्या अंगाची ऊब आपल्याकडेच परत यावी, तशी गरम. चादर ओली, खोळ ओली. मी खोळीची शिवण उसवली. आत प्लास्टिक. त्यावर पाण्याचे थेंब उभे होते. खोळीची आतली बाजू, जिथे ती झोपायची तिथे, पिवळी पडून कुबट वास मारत होती. माझ्या बाजूची जवळजवळ कोरी होती.

मी संत्र्याच्या घरात वाढलो. आमच्याकडे संत्र्याच्या पेटीला फटी ठेवायच्या, खाली वाळलेलं तणस घालायचं, म्हणजे हवा खेळते. कोंडलेलं फळ घामेजतं आणि दोन दिवसांत देठापासून जातं. व्यापाऱ्यानं एकदा प्लास्टिक अंथरलेल्या पेट्या पाठवल्या, तेव्हा माझ्या वडिलांनी त्या उचलून बांधावर टाकून दिल्या होत्या. मी तिथे उभा होतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

प्लास्टिक मी कापून काढलं. गादी दोन दिवस उभी करून वाऱ्याला ठेवली. खोळ धुतली, वाळवली, पुन्हा घातली आणि यावेळी तोंड शिवलं नाही. नाड्या बांधल्या. पंप बदलला. कुलर उचलून पलंगाच्या पायथ्याशी येईल अशा खिडकीत लावला, म्हणजे वारा दोघांना लागावा. हे सगळं केलं तेव्हा माझा विचार नक्की होता. ती आली की सांगायचं.

ती आली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिचं लक्ष गच्चीच्या जिन्यात गेलं. तिथे मी ते प्लास्टिक घडी करून ठेवलं होतं, पावसाळ्यात कुलरवर झाकायला. टाकवलं नव्हतं.

"माय वो, किती जाड प्लास्टिक हाय! कोठून आणलं?"

"दुकानातून," मी म्हणालो.

त्या दिवशी ती मी आग्रह केला म्हणून पलंगावर झोपली. उशी आणि सतरंजी मात्र खाली तयार ठेवली होती. सतरंजीची घडी सकाळी तशीच होती. ती उशिरा उठली. चहा मी केला. पदरानं तोंड पुसत ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आज पाठ नाई तापली हो."

सांगायची वेळ ती होती. चहा उकळत होता, घरात आम्ही दोघंच. माझ्या मनात मेहुण्याचा चेहरा आला. ज्यांना ज्यांना मी ती गंमत सांगितली होती ते सगळे आले. आता ही फोन करणार, भावाला सांगणार, की अवो, यांनी प्लास्टिक ठेवलं होतं. लोक पुन्हा हसणार आणि या वेळी माझ्यावर. मी गाळणी हातात घेतली आणि म्हणालो, "पाह्यलं? म्हणत होतो न मी! मनाचा खेळ होता सारा. गेला वहम."

तिनं वळून पलंगाच्या खोलीकडे पाहिलं. आठवायचा प्रयत्न करत असावी, की खरंच असं होतं का.

"असन बाप्पा," ती म्हणाली आणि कप घेतला.

प्लास्टिक ठेवलं ती चूक होती. ती अडाणीपणाची होती, कंजूषपणाची होती, तिची मला लाज आहे पण ओझं नाही. ओझं त्या सकाळचं आहे.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. भावाला स्वतः फोन करून सांगितलं, "काई नोतं रे, माह्या डोक्यातच होतं." पुढे ती गंमत माझ्याऐवजी तीच सांगायला लागली. आणि हळूहळू ती प्रत्येक दुखण्याला तेच म्हणायला लागली. दाढ ठणकली तर, "असन वहम." गुडघा सुजला तर आधी मला दाखवायची, "पाहा बरं, खरंच सुजला का मलेच वाटून राह्यलं?" जी बाई हातानं पातेल्याचा अंदाज घेऊन मीठ घालायची, जिला आभाळ न बघता वादळाचा वास यायचा, ती स्वतःच्या गुडघ्याबद्दल मला विचारायची. मी म्हणायचो, सुजला आहे. एवढंच करू शकत होतो, आणि एवढं करून गप्प बसत होतो.

मग ती गादी मध्ये खचली. मुलगी म्हणाली, अकोल्याला या, इथे दोन-चार दुकानं पाहू. आम्ही गेलो. दुकानात गाद्या पलंगांवर ओळीनं मांडलेल्या, जसा हॉस्पिटलचा वॉर्ड. विक्रेता चांगला होता, घाई करत नव्हता.

"आजी, ही बघा. हिच्यात थंड जेल आहे. हात ठेवा."

बायकोनं हात ठेवला. "हो वो, थंडगार लागते. पांघरूण बी द्या मंग हिच्यासंगं." मग लगेच हात काढला. "नको. भारी असन. मले भारी गादी सोसत नाई."

माझंच वाक्य. इतकी वर्षं झाली तरी शब्दही बदलला नव्हता.

मुलीनं विक्रेत्याला सांगितलं, की आईला गर्मी फार होते. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, जेल पहिल्यांदा थंड लागतं, मग अंगाएवढंच होतं. अंग धरून ठेवणारा मऊ फोम अशा माणसाला नको. त्यानं रबराची एक गादी दाखवली, आरपार बारीक भोकं असलेली. स्प्रिंगची दाखवली, आत पोकळी असते म्हणाला. कोपऱ्यात रुईचीही होती.

"हाताले समजते," बायको म्हणाली, "पाठीले कसं समजन?"

"म्हणून म्हणते आई, झोपून पाह्य."

"दुकानात? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं गादी घ्यायले आले आई, तुले पाहायले नाही."

तिनं चपला काढून जोडीनं ठेवल्या, पदर खोचला आणि त्या भोकांच्या गादीवर अंग चोरून पडली. आधी छताकडे पाहिलं. मग कूस बदलली. मुलगी उशा बघायला पुढे गेली. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की ती झोपली आहे. दुकानात, दिवसाढवळ्या, वरती ट्यूबलाइट, बाहेर ऑटोंचे हॉर्न, आणि ती तोंड किंचित उघडून गाढ झोपली होती. विक्रेता एका गिऱ्हाइकाला घेऊन येत होता. त्यानं पाहिलं, आवाज खाली केला आणि त्याला पलीकडच्या ओळीतून नेलं.

मी शेजारच्या पलंगावर बसलो. तिची पाठ माझ्याकडे होती. ब्लाउज कोरडा होता. मी मनात वाक्य जुळवलं. उठली की सांगायचं. इथे भाऊ नाही, नातेवाईक नाहीत, मुलगीही जवळ नाही. सांगून टाकायचं आणि मग तिला जे म्हणायचं ते म्हणू द्यायचं. शिव्या दिल्या तरी चालतील. वाक्य तयार झालं. दोनदा घोकलं.

ती जागी झाली. कुठे आहोत हे कळायला तिला एक क्षण लागला. माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "घोरत होती तू. सारं दुकान पाहून राह्यलं होतं."

ती लाजून उठून बसली. "मंग उठवाचं नाई का? बसले पाहात!" मग गादीवरून हात फिरवला. "हेच घेऊ. गार लागली. नाई तं माहा वहम बी आता म्हातारा झाला असन."

"असन," मी म्हणालो.

त्या गादीवर ती शेवटपर्यंत झोपली. शेवटच्या आजारात डॉक्टर विचारायचे, आजी, कुठे दुखतं? ती आधी माझ्याकडे पाहायची. मी म्हणायचो, "सांग. तुले दुखते ते सांग." मग ती सांगायची. मला तेवढं सुधारता आलं. बाकीचं राहिलं.

मुलीला मी फोनवर सांगितलं, की दुकानात जाऊन नीट वेळ पडून राहा. हाताला थंड लागते तिला भुलू नको. आरपार हवा जाते का बघ. एसीऐवजी कुलर लाव, त्याचा वारा तुझ्या अंगावर येऊ दे. आणि गादी घरी आली की त्याच दिवशी प्लास्टिक काढ, गॅरंटी गेली खड्ड्यात.

"बाबा, तुमाले एवढं कसं माहीत?"

"असंच," मी म्हणालो.

हे वाचून तिला कळेल. तिच्या आईला कळणार नाही. त्या दुकानात, शेजारच्या पलंगावर बसून मी जे वाक्य तयार केलं होतं ते हे होतं: तुले गर्मी होत होती. खरंच होत होती. गादीवर प्लास्टिक मी ठेवलं होतं, अन् मले समजल्यावर बी मी तुले सांगतलं नाई. तुह्या डोक्यात काईच नोतं. तू खरं बोलत होती अन् मी तुले खोटं पाडलं. मले माफ कर.